संमेलनाहून परतल्यावर आपलीच शाळा अपुरी वाटते तेव्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. कोरोनाच्या काळात धडपडत मूडल शिकले, म्हणजे संगणकावरून धडे आणि चाचण्या देण्याची प्रणाली. तेव्हापासून शाळेच्या जुन्या संगणकावर मुलांसाठी चाचण्या, चित्रं, छोटे धडे ठेवते. गेल्या महिन्यात पुण्याला मूडल वापरणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन होतं. रजा टाकून, पदरचे पैसे घालून, रात्रीच्या एसटीने गेले. तिथे मोठमोठ्या कॉलेजांची माणसं होती. पडद्यावर हजारो विद्यार्थ्यांचे आलेख सरकत होते. मी चाळीस पानं टिपणं काढली आणि दोन दिवसांत एकदाही तोंड उघडलं नाही. नेट नसताना मूल घरी चाचणी सोडवू शकतं का, एवढं विचारायचं होतं, पण हात वर झाला नाही. चहाच्या रांगेत मात्र गडचिरोलीकडच्या एका सरांशी बोलणं झालं. ते तळहाताएवढ्या डबीवर मूडल चालवतात म्हणाले. त्यांचा नंबर ओळखपत्राच्या मागे लिहून घेतलाय, अजून फोन केलेला नाही.

परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, "काय मॅडम, काय आणलंत?" मुख्याध्यापकांना अहवाल हवा आहे. खरं सांगू का, तिथून आल्यापासून मला माझी शाळाच अपुरी वाटायला लागली आहे. सहा संगणकांतले तीन चालू. मुलांकडे फोन आईचा, त्यात रिचार्ज मुंबईहून बाबा मारणार तेव्हा. मी जायलाच नको होतं का? की हे सगळं सोडून नुसतं खडू-फळ्याने शिकवावं?

– एक शिक्षिका

मॅडम,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. "अजून फोन केलेला नाही." त्याकडे येतेच. आधी तुमच्या त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते.

हो, सोडवता येते. मूडलचं मोबाइल ॲप आहे. त्यात धडा आणि चाचणी आधी उतरवून ठेवता येते. मूल शाळेत वायफायवर ती उतरवून घेतं, घरी नेट नसताना सोडवतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आलं की उत्तरं आपोआप जमा होतात. पण चाचणीच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी तुम्हाला द्यावी लागते, ती मुळात दिलेली नसते. शिवाय दोन अटी आहेत. चाचणीला वेळेची मर्यादा घालायची नाही आणि बरोबर-चूक लगेच दाखवायचं नाही, सगळी चाचणी संपल्यावरच दाखवायचं. यातली एक जरी चुकली तरी चाचणी ॲपमध्ये उतरतच नाही, आणि मग 'आपल्याकडे हे चालत नाही' असं वाटून आपण सोडून देतो. तुम्ही हात वर केला असता तर त्या सभागृहातल्या कुणीही हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. तुमच्यासारखे गप्प बसलेले आणखी दहाजण तिथे असणार, त्यांनाही ते कळलं असतं.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुम्ही कुठे गेला होतात, ते नीट लक्षात यावं म्हणून लिहिते. विक्रेत्यांच्या प्रदर्शनात आपण गिऱ्हाईक असतो, त्यांनी दाखवायचं आणि आपण बघायचं. वापरणाऱ्यांच्या संमेलनात आपणच मुख्य माणूस असतो. जी गोष्ट आपण रोज हाताळतो ती कुठे अडते, कुठे टोचते, हे एकमेकांना आणि ती बनवणाऱ्यांना सांगायची ती जागा. मूडल तर मुक्त प्रणाली. कुणीही फुकट घ्यावी, बदलावी, चूक दिसली तर नोंदवावी. ती सुरू करणारे मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. शाळा इतकी दूर, की त्यांचं लहानपणीचं शिक्षण रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत झालं. पुढे पर्थमध्ये त्यांनी ही प्रणाली लिहिली आणि ऑगस्ट २००२मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न मूडलच्या मुळाशी आहे. तुमचा प्रश्न त्या सभागृहात परका नव्हता, मॅडम. तो तिथला सगळ्यात घरचा प्रश्न होता.

आता शाळा अपुरी वाटण्याबद्दल. हे मला फार आतून ठाऊक आहे. २००६च्या सुमारास मी पहिल्यांदा मुंबईला एका मोठ्या शैक्षणिक प्रदर्शनाला गेले होते. परत येताना एसटीच्या खिडकीतून आमची शाळा दिसली. कौलं शाकारायची राहिलेली, पटांगणात गवत. मला रडू आलं होतं. त्या भरात मी शाळा समितीच्या मागे लागून प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याकडून सीडींचा अख्खा संच मागवला. संच आला. धडे दुसऱ्याच अभ्यासक्रमाचे, भाषा मुलांना न कळणारी, आणि आमच्याकडे दुपारी लाइट असायची ती दीड-दोन तास. पावसाळा संपला तेव्हा कपाटातल्या सीडींवर पांढरी बुरशी धरली होती. पुढची तीन वर्षं समितीने संगणकासाठी एक रुपया दिला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्या मुलांचं नेमकं कुठे अडतंय हा प्रश्न बरोबर घेऊन मी गेलेच नव्हते. जे डोळ्यांत भरलं ते उचलून आणलं.

पडद्यावर तुम्ही जे पाहिलंत ते शिजून पानात वाढलेलं होतं. ते शिजवताना काय करपलं, किती वेळा चूल विझली, हे वीस मिनिटांच्या भाषणात कुणी दाखवत नाही. त्यांच्या पानातलं जेवण आणि आपल्या चुलीवरचं आधण यांची तुलना करून आपण कष्टी होतो. त्या हजारो विद्यार्थ्यांच्या आलेखामागे सर्व्हर सांभाळणारी पगारी माणसं असतात. तुमच्या मूडलमागे तुम्ही एकट्या आहात, आणि तरी ते चालू आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र ऑनलाइन वर्गांबद्दल बोलत होता आणि आमच्या दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस ना वीज होती ना फोनला रेंज. शाळांचे पत्रे उडून गेले होते. अशा मुलखात जी गोष्ट टिकते तिची कसोटी त्या सभागृहातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा कडक असते.

बाहेरून शिकून येणं आणि इथल्या मातीत ते पुन्हा घडवणं, याची कोकण किनाऱ्याला जुनी ओळख आहे. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणात नवे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. माँटेसोरी पद्धत त्यांनी तिथे अंगी बाणवली होती. पण माँटेसोरीची साधनं महाग, गावातल्या बालवाडीला न परवडणारी. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला, अगदी समुद्राकाठी, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. साधनं कुठून आणली? शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं. मोजायला तेच, रंग-आकार ओळखायला तेच. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. कमी आहे म्हणून त्या थांबल्या नाहीत, आणि भावनगरला जे पाहिलं ते जसंच्या तसंही आणलं नाही. तुमच्या चाळीस पानांकडे त्या डोळ्यांनी बघा. यातलं काय शिंपल्यांनी होण्यासारखं आहे?

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. नववीला ध्वनीच्या धड्यात सोनार येतं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजायचं तंत्र. मी एक तयार चाचणी उतरवून मुलांना दिली. त्यात प्रश्न होता पाणबुडीचा. तीस मुलांतल्या चौघांनी बरोबर सोडवला. मूडल हे फार छान दाखवतं, कुठल्या प्रश्नाला किती जण अडले ते एका नजरेत कळतं. (माझ्या मते त्याची सगळ्यात मोलाची सोय हीच. बाकी सजावट नसली तरी चालेल.) मी त्या आकड्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात हर्णैकडचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हे आमच्या काकाच्या बोटीवरच्या फिशफाइंडरसारखं आहे काय?" मी प्रश्न बदलला. काकाच्या बोटीतून आवाज खाली गेला आणि ०.०४ सेकंदांत परत आला, समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, तर तळ किती खोल? जाऊन येऊन ६० मीटर, म्हणजे खोली ३०. बहुतेकांना आलं. तो मुलगा उत्तर लिहून थांबला नाही. बोटांवर मोजून म्हणाला, "सोळा वाव." वाव म्हणजे दोन हात पसरले की होते ती लांबी, सहा फूट. बरोबर होतं. दर्यावर्दी माणसाचं माप आणि पुस्तकातलं माप त्या दिवशी वर्गात एकमेकांना भेटलं. तो प्रश्न लिहायला मला दहा मिनिटं लागली. पुण्यामुंबईतलं कुणी तो लिहू शकलं नसतं.

तर मॅडम, असे पाच प्रश्न तुम्ही लिहा. त्यासाठी चाळीस पानांतलं एकच पान लागेल. बाकीची एकोणचाळीस फाडू नका, पण मोठ्या सुट्टीपर्यंत कपाटात ठेवा. दहावीला आत्ता अजिबात हात लावू नका. पूर्वपरीक्षा चालू आहेत, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, मुलांच्या मनात नवीन काही घालायची ही वेळ नव्हे. नववी घ्या. त्यातही एकच धडा.

आता ती डबी. तुमचे गडचिरोलीचे सर ज्याबद्दल बोलले ते बहुधा मूडलबॉक्स असावं. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक मिळतो, त्यावर मूडल चढवून दिलेलं असतं. हे काम मूळ स्वित्झर्लंडमधल्या एका शिक्षकाने केलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. डबी चालू केली की ती स्वतःचं वायफाय सोडते. इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. मुलांनी फोन तिला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये शाळेचं मूडल उघडायचं. चांगल्या पॉवर बँकवरही चालते, त्यामुळे लाइट गेली तरी तास बुडत नाही. तुमच्या मुलांच्या आयांचे फोन, मुंबईहून येणारं रिचार्ज, खाडीकाठी न पोचणारी रेंज, या सगळ्याला वळसा घालून जाणारी ही वाट आहे. फोन रोज मागवावे लागू नयेत म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि तीन मुलांत एक फोन धरा. तिघं मिळून भांडत उत्तर शोधतात, ते एकट्याने बटण दाबण्यापेक्षा कधीही चांगलं.

तिची दुखणीही सांगते, म्हणजे नंतर तुम्हाला धक्का बसायला नको. यातलं सगळं एका मेमरी कार्डावर असतं. चालू असताना वीज खटकन गेली, तर ते कार्ड बिघडू शकतं. म्हणून पॉवर बँक, नीट बंद करायची सवय, आणि दर शनिवारी सगळ्याची दुसऱ्या कार्डावर प्रत. दुसरं दुखणं आपल्या हवेचं. खारं वारं पिनांना गंज धरवतं आणि पावसाळ्यात ओल आत शिरते. वापर झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या. पट एकदम सगळा जोडू नका, गटागटाने जोडा. आणि डबी घेण्याआधी एवढं करून बघा. तुमच्या तीन चालू संगणकांतला जो धडधाकट आहे त्याला साधा वायफाय राउटर जोडून हेच चालतं का? चालत असेल, तर आज पैसे घालायचंही कारण नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सांगते. पदरचे आता आणखी घालू नका. जायचं-यायचं तुम्ही केलंत, पुरे. शिमग्याला गावात मुंबईकर येतील. आपल्याकडे गावागावाचं मुंबई मंडळ असतं आणि देवळाच्या रंगापासून शाळेच्या बाकांपर्यंत मदत करतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्यापुढे भाषण नको. पालखी सहाणेवर असते त्या दिवसांत एका संध्याकाळी चार मुलांना बसवा आणि त्यांच्या फोनवर फिशफाइंडरचा प्रश्न त्या मंडळींना सोडवायला द्या. ज्यांनी लहानपणी बोटीवर दिवस काढलेत ते मुलांच्याही आधी उत्तर देतील.

स्टाफरूमबद्दल फार मनाला लावून घेऊ नका. "काय आणलंत?" या प्रश्नात टोमणा असेल, पण उत्सुकताही असते, आणि आपण टोमण्यालाच उत्तर देत बसलो तर उत्सुकता विझते. सगळ्यांना एकत्र बसवून काही दाखवू नका. मराठीच्या किंवा भूगोलाच्या सरांकडे जा, त्यांच्या विषयात मुलं दरवर्षी कुठे अडतात ते विचारा आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच शब्दांत दोन प्रश्न तयार करून द्या. माझ्या शाळेतले जे सर संगणकाच्या खोलीत पाऊल टाकत नसत, ते मुलांचं व्याकरण कुठे चुकतं त्याचा आकडा बघून स्वतः खुर्ची ओढून बसले होते. मुख्याध्यापकांना अहवाल एका पानाचा द्या. काय पाहिलं ते तीन ओळींत. बाकी पानभर, नववीच्या कुठल्या धड्यावर किती तारखेपर्यंत काय करणार, त्यासाठी शाळेकडून काय हवं आणि तुम्ही आजारी पडलात तर ते कोण चालवेल. हा शेवटचा भाग सोडू नका. एका माणसाच्या हातात असलेली गोष्ट त्या माणसाच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर जाते. मी निवृत्त झाल्यावर माझ्या शाळेत असंच झालं आणि त्याची खंत मला अजून आहे. नववीतल्या दोन मुली निवडा आणि त्यांना सगळं शिकवा.

आणि पुढच्या संमेलनाला जा. जरूर जा. या वेळी मात्र एक कागद बरोबर न्या. त्यावर तुमच्या मुलांची अडचण त्यांच्याच शब्दांत लिहिलेली असू दे. एक नमुना देते. मूडलचा चेहरा मराठीत करता येतो, आणि ते भाषांतर पगारी माणसं करत नाहीत, जगभरातले स्वयंसेवक करतात. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा चाचणी पुरी करून पडद्याकडे बघत बसला होता. बटणावर लिहिलेलं 'सादर करा'. मला म्हणाला, "बाई, काय सादर करू? मला नाच येत नाही." त्याच्या लेखी सादर होतात ते नमन आणि जाखडी. 'पाठव' म्हटलं असतं तर क्षणात कळलं असतं. हे सांगणारी शिक्षिका संमेलनाला हवी असते, कारण भाषांतर करणाऱ्याला आठवीतलं ते मूल दिसत नाही. दहा मिनिटांची वेळ मागा. सोनारचा प्रश्न दाखवा, पॉवर बँकवर चाललेला तास दाखवा, आणि काय बिघडलं तेही सांगा. ऐकताना मागच्या रांगेत कुणीतरी तुमच्यासारखीच वही घेऊन बसलेली असेल.

तुम्ही विचारलंत, खडू-फळ्याने शिकवावं का. फळा सोडायला तुम्हाला कुणी सांगितलंय? सोळा वाव मी फळ्यावरच मांडून दाखवले होते.

आता तो नंबर. दोन दिवसांत तुम्ही जे काही मिळवलंत त्यातलं सगळ्यात मोठं त्या ओळखपत्राच्या मागे आहे. गडचिरोलीच्या सरांना तुमच्यासारखीच रेंज नाही, तुमच्यासारखीच मुलं लांबून चालत येतात. समुद्राच्या जागी जंगल आहे, एवढाच फरक. कार्ड बिघडलं की रात्री नऊ वाजता तुम्हाला लागेल ते असं माणूस. फोन करताना मोठं काही बोलायचं ठरवू नका. "सर, चहाच्या रांगेत भेटलो होतो, तुमच्या डबीचं मेमरी कार्ड किती महिने टिकतं?" एवढं विचारा. पुढचं ते बोलतील.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी जेवण झालं की वर सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर जा, तिथे रेंज मिळेल. नाहीच मिळाली, तर धोपाव्याहून फेरीबोट धरून दाभोळला उतरा आणि माझ्याकडे या. तुमच्या-माझ्यामध्ये एक खाडीच तर आहे. माझ्या पडवीतून फोन लागतो.

तुमची,
ताई